दाराआडची परीक्षा

“अगं, हिला कसला जमतोय अभ्यास! तेव्हा प्रवेश मिळालेला, तो हातचा सोडला ना हिनं... का, तर म्हणे कंटाळा आला! आणि आता चाळिशी आल्यावर बाईसाहेबांना पदवी हवीय, तीही कॉम्प्युटरवरची!”

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, खरखरणाऱ्या लाइनींवरून परगावच्या माणसांना ओरडून ओरडून जोडून देण्यात. नोकरी संपली, लाइनी सुधारल्या, आवाज मात्र तेवढाच राहिला. आत्ता फोनच्या पलीकडे त्यांची लेक होती आणि अलीकडे, पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांच्या उजव्या पायाला तेल चोळत असलेली त्यांची सून. जिच्याबद्दल बोलतोय ती हातभर अंतरावर बसलीय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, कारण त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. सुनेला अभ्यासाचा कंटाळा आहे ही त्या घरातली जगजाहीर गोष्ट होती, आणि ती खुद्द सुनेनंच त्यांना सांगितली होती.

तिचे हात क्षणभर थांबले.

“का गं थांबलीस? दमलीस?”

“नाही आई,” ती म्हणाली, आणि पुन्हा चोळू लागली.

पण अंतःकरणात केवढा कल्लोळ उठला होता! हाच तो पाय... बऱ्याच वर्षांपूर्वी तिला एका चांगल्या कॉलेजात व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, नवी बॅगसुद्धा घेऊन झाली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. रोज व्यायाम करून घेणारं माणूस घरात असेल तर चालतील, नाहीतर अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा; कुठली लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नाही. नणंद दूरगावी, तिच्या संसारात. राहिली कोण? तिनं कुणालाही न विचारता प्रवेश रद्द केला. वाकड्या झालेल्या तोंडानं, अडखळत सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, “माझ्यामुळे... सोडलंस?” आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं होतं. ते पाहून ती हसली होती. खळखळून हसली होती! “छे हो आई! मलाच नको होतं. कंटाळाच आला होता अभ्यासाचा. सुटले बाई एकदाची!”

आजारी माणसाच्या घशाखाली चार घास सुखानं उतरावेत म्हणून केलेलं ते नाटक! पुढेमागे त्यांना आपसूक उमगेल, त्या एकदा तरी डोक्यावरून हात फिरवतील, असं तिला वाटलं होतं. पण सासूबाईंनी तिच्या बोलण्यावर मनापासून विश्वास ठेवला आणि वाचा परत येताच तो सगळ्या गणगोतात वाटून टाकला. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो मूग गिळून बसला, कारण बायकोनं तशी शपथ घातली होती. आणि गप्प बसणं सोयीचंही होतं, हेही खरंच.

आज इतक्या वर्षांनी ती जुनी जखम उघडी पडायला कारणही तसंच घडलं होतं. सासूबाई चालू लागल्यावर तिनं ज्या रुग्णालयात नोकरी धरली आणि जिथं आता ती रुग्णांच्या नोंदणीची प्रमुख होती, तिथले प्रशासन अधिकारी निवृत्त होणार होते. अधीक्षक मॅडमनी तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं, “तुझं नाव माझ्या मनात आहे. पण त्या खुर्चीला व्यवस्थापनाची पदवी लागते. पूर्ण झालेली नसली तरी चालेल, निदान प्रवेश झालेला हवा. नाहीतर बाहेरून कुणीतरी येईल, आणि मग तूच त्याला सगळं शिकवत बसशील.”

नोकरी सोडून कॉलेजात जाणं तर शक्यच नव्हतं. शोधता शोधता तिला एका विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला. फी पगारातून हप्त्याहप्त्यानं देता येईल अशी, वर्ग संध्याकाळी, चुकलाच तर नंतर पाहता येणारा. तिनं तो बाजारात भांडं ठोकून घेतात तसा ठोकून पाहिला. विद्यापीठाला मान्यता आहे का, या पदवीला नेहमीच्या पदवीइतकंच वजन आहे का, आपलं रुग्णालय ती धरेल का... सगळीकडून होकार आला. औषध विभागातल्या एका बाईंनी हाच अभ्यासक्रम पुरा केला होता. त्या म्हणाल्या, “स्वस्त आहे म्हणून सोपा समजू नकोस हं. तिथं कुणी पाठीशी उभं राहून अभ्यास करून घेत नाही. आपलं आपल्यालाच हाकावं लागतं. निम्मे लोक घरच्या रगाड्यात मधेच सोडतात.”

घरचा रगाडा! बाकी सगळं तोलून झालं होतं; तिथंच तिचं गाडं अडत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना विषय निघालाच.

“मी काय म्हणते,” सासूबाई म्हणाल्या, “टीव्हीत स्वयंपाक बघून पोट भरतं का कुणाचं? मग कॉम्प्युटरात मास्तर बघून शहाणपण कसं येणार?”

“आई, परीक्षा खरीच असते हो,” ती हळूच म्हणाली. “प्रवेशासाठीसुद्धा आहे. येत्या रविवारी. घरूनच द्यायची.”

“म्हणजे ठरवूनच बसलीयस! मग आम्हाला विचारतेस कशाला? घर कोण बघणार? हा?” त्यांनी मुलाकडे बोट केलं. “याला स्वतःचा मोजा सापडत नाही!”

नवरा ताटात बघून जेवत होता. त्याला मोजे सापडत नाहीत हे खरं असल्यानं तो काही बोलला नाही.

“मी सगळं आटपून बसेन आई. तुम्हाला कशाचीही कमी पडू देणार नाही...”

“कमी पडायचं नाही गं! पण मला सांग, तेव्हा वय होतं, हात मोकळे होते, कॉलेजनं पायघड्या घातल्या होत्या. तेव्हा तू कंटाळलीस. मग आताच कुठून उत्साह फुटला? अर्ध्यात सोडशील आणि सगळ्यांत हसं करून घेशील. धरसोड माणसाचं काही खरं नसतं!”

धरसोड... तो शब्द तिच्या काळजात आरपार घुसला. ताट उचलून ती उठली. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून तिनं नळ मोठा सोडला. आणि मागून अचानक नवऱ्याचा आवाज आला. तो इतका चढलेला होता की तिच्या हातातला चमचा खाली पडला.

“बस झालं आई! कंटाळा आला नव्हता तिला!”

“अहो, नको...” ती ओल्या हातांनीच धावत आली. “माझी शपथ आहे तुम्हाला!”

“शपथ गेली खड्ड्यात! इतकी वर्षं तुझं ऐकलं आणि भेकडासारखा गप्प बसलो. आई, प्रवेश रद्द करून ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली होती. मी बाहेर उभा होतो. तुला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलली. तू दोन पायांवर उभी राहावीस म्हणून तिनं कॉलेज सोडलं. आणि तू तिला धरसोड म्हणतेस?”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग काठी शोधून त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली, त्यात सुनेचा जीव नुसता घुसमटून गेला! चमचा पडला तरी चार घरांना ऐकू जाईल असं ओरडणारी बाई आता हूं की चूं करत नव्हती. ताट समोर आलं की जेवायची, औषध दिलं की घ्यायची. तेलाची वाटी घेऊन सून पायथ्याशी बसली, तर त्यांनी पाय आखडून घेतला. लेकीचा फोन आला तर “बरी आहे” म्हणून ठेवून दिला. सुनेला वाटू लागलं, आपण काय करून बसलो हे! एका पदवीच्या हव्यासापायी म्हातारीचं मन मोडलं, मायलेकरांत फूट पाडली... घेऊन काय करायची ती खुर्ची?

“रविवारचं राहू दे,” ती नवऱ्याला म्हणाली. “आईंचा राग जाऊ दे आधी.”

“रविवारी तू बसली नाहीस,” तो म्हणाला, “तर मी या घरात जेवणार नाही.” आजवर त्यानं बायकोला असं कधी निक्षून सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर तो स्वतःच जरा घाबरला.

रविवार उजाडला. परीक्षेचे नियम मोठे कडक होते. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, खुर्ची सोडायची नाही; कॅमेरा सगळं पाहणार आणि ऐकणार. एकदा चुकलं तर ताकीद, दुसऱ्यांदा चुकलं तर परीक्षा तिथंच बंद. पुन्हा बसायचं तर पुढच्या वर्षी, आणि तोवर ती खुर्ची दुसऱ्याची झालेली असणार. तिनं हे सगळं नवऱ्याला बजावून सांगितलं. आपल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

आणि अशा दिवशी तिनं काय करावं? तिनं कुकर लावला! दुपारचं जेवण वेळेवर झालं पाहिजे, परीक्षेपायी घर उपाशी राहिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्या वेड्या बाईनं गॅसवर कुकर चढवला आणि नवऱ्याला सांगितलं, “वाफ धरली की शिट्टी व्हायच्या आत बंद करा हं. विसरू नका.” आयुष्यभर आधी दुसऱ्याचं ताट वाढून मग स्वतःचा विचार करण्याची सवय, ती एका रविवारी कशी सुटावी?

तिनं दार लावलं. परीक्षा सुरू झाली. पहिले प्रश्न सोपे गेले, जुनी ओळख पटावी तशी आकडेमोड पटापट सुटू लागली... आणि बाहेर नवऱ्याचा फोन खणखणला! त्यानं तो लगेच कापला, पण पडद्यावर लाल अक्षरांत ताकीद उमटली होती. आता एक आवाज, फक्त एक, आणि सगळं संपणार होतं. बाहेरचं दार हलक्या हातानं उघडल्याचं आणि लागल्याचं तिला जाणवलं. फोनवर बोलायला बाहेर गेले असतील, तिनं स्वतःला समजावलं आणि मान खाली घातली.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून धप्पकन आवाज आला.

तिचे डोळे पडद्यावर गेले. लाल अक्षरं उमटली नव्हती. बंद दारातून तो आवाज तेवढा मोठा आला नसावा. पण काय पडलं? कोण पडलं? ती खुर्चीत अर्धी उठली... कान प्राणपणानं बाहेर लागले. आता हाक येईल, कण्हणं येईल. काहीच आलं नाही. आई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. ह्यांची हत्यारांची पिशवी पडली असणार, दुसरं काय! पण त्या तर आपल्याशी बोलतच नाहीत... पडल्या तरी आपल्याला हाक मारतील का? ऊठ, तिचं एक मन म्हणत होतं, ऊठ आणि बघ. दुसरं म्हणत होतं, किती वेळा उठशील? आणि ती बसली. उभ्या आयुष्यात घरातल्या आवाजाला ती पहिल्यांदाच उठली नाही. डोळ्यांतून टपटप अश्रू गळत होते, समोरचे आकडे विरघळत होते, आणि तशातच ती एकेक उत्तर देत गेली.

पेपर संपल्याची खूण येताच ती धावली.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला टेकून बसल्या होत्या. काठी दूर जाऊन पडली होती. एक मनगट विचित्र वाकलं होतं आणि टम्म सुजलं होतं. चेहरा घामानं डबडबलेला, आणि तोंडात... तोंडात पदराचा बोळा, दातांनी गच्च आवळलेला! गॅस बंद होता.

“आई!” तिनं किंकाळी फोडली.

त्यांनी दुसऱ्या हातानं बोळा काढला. “झाली का परीक्षा?” त्यांनी कुजबुजत विचारलं. त्या कुजबुजू शकतात हेच तिला आजवर माहीत नव्हतं.

“झाली... हे काय झालं आई? हे कुठायत?”

“लिफ्टमध्ये माणसं अडकलीत कुठं. जाताना मला गॅसचं सांगून गेला. मी बसले बंद दाराकडे बघत. मग कुकर फुसफुसायला लागला... शिट्टी होईल म्हणून घाईनं उठले, आणि ओट्यापाशी पोचता पोचता पाय सरकला. पण शिट्टी नाही होऊ दिली हं! आधी गॅस बंद केला, मग पडले.”

रुग्णालयात, तिच्याच नोंदणीच्या खिडकीशेजारून त्यांना आत नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालणारा डॉक्टर म्हणाला, “आजी, एवढ्या वेदनेत हाक तरी मारायचीत! घरात कुणी नव्हतं का?”

“होतं ना,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच नाही मारली.”

डॉक्टर बाहेर गेला तशी तिनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि हुंदक्यांचा बांध फुटला. “मी ऐकलं होतं आई! आवाज ऐकला होता मी... आणि उठले नाही! तुम्ही तिथं तळमळत होतात आणि मी पदवीसाठी बसून राहिले. मला नको आता ते काही! तुमचा हात बरा होईपर्यंत मी रजा घेते, आणि ते प्रवेशाचं... खरंच सांगते, मला आता तशी इच्छाच...”

“पुरे!”

तो जुना, एक्स्चेंजमधला आवाज होता. बाहेरची परिचारिका दचकून डोकावली.

“इच्छा नाही, असं माझ्यासमोर पुन्हा म्हणायचं नाही! एकदा विश्वास ठेवला आणि जन्मभराची पापी झाले. तेवढं बास!” आणि तो आवाज एकाएकी फुटला. “तुला वाटलं मी रागावलेय? अगं, कुठल्या तोंडानं बोलणार होते मी तुझ्याशी? ज्या पायांनी घरभर मिरवत होते, ते तुझ्या शिक्षणावर उभे होते, आणि मी त्याच पायांवर उभी राहून तुला नावं ठेवत होते... लेकीला सांगत होते, नातेवाइकांना सांगत होते. तू तेल लावायला आलीस तर पाय पुढे करायची लाज वाटली गं मला!”

“आई, असं नका ना बोलू...”

“बोलणार! तू उठली नाहीस ना आज? फार छान केलंस. उठली असतीस तर या मोडक्या हातानंच चापट दिली असती. आधीच दोन गोष्टी तू माझ्यासाठी सोडल्यास, कॉलेज आणि खरं बोलणं. आता तिसरं काही सोडायचं नाही.”

तिनं वर पाहिलं. सासूबाईंचा धड हात तिच्या केसांवर आला आणि तिथंच राहिला. त्या एका स्पर्शासाठी ती किती वर्षं आसुसली होती! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की लिफ्ट सोडवून धापा टाकत आलेला नवरा दारातच थांबला आणि आपणही रडावं की आधी प्लास्टरबद्दल विचारावं, हे त्याला कळेना.

निकाल आठवडाभरात लागला. प्रवेश मिळाला. पहिला हप्ता तिनं स्वतःच्या पगारातून भरला, आणि ते बटण दाबताना सासूबाई मागे उभ्या राहून “दाब, दाब, काय बघतेस!” करत होत्या.

पहिला वर्ग संध्याकाळी होता. त्याआधी तिनं सवयीनं कंगवा घेतला, सासूबाईंची वेणी घालायची होती. एका हातानं त्यांना ते जमत नव्हतं. त्यांनी कंगवा तिच्या हातातून काढून मुलाच्या हातात दिला.

“मी?” तो म्हणाला.

“लिफ्टचे दोर गुंफतोस ना? मग आईचे चार केस जमणार नाहीत? आणि तू, जा आत. दार लाव.”

ती आत गेली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत कितीतरी अनोळखी चेहरे होते. तिच्याहून लहान, काही तिच्याएवढे. शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला ओळख करून द्यायला सांगितलं. तिची पाळी आली.

“तुमचं पहिलं शिक्षण संपून बरीच वर्षं झालीत,” बाईंनी विचारलं. “मग आत्ता कसं ठरवलंत?”

उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं; सवयीचं, हसरं, कुणालाच न दुखावणारं. असंच, वेळ होता म्हणून... तिनं ते गिळलं. दाराबाहेर कंगव्याची करकर थांबली होती. बाहेर कुणीतरी श्वास धरून उभं होतं.

“मला तेव्हाच शिकायचं होतं,” ती म्हणाली. तेही हळू आवाजात. “फार शिकायचं होतं. तेव्हा जमलं नाही.”

आणि दाराआडून तो आवाज आला, खरखरणाऱ्या लाइनींवरून माणसं जोडून देणारा, वर्गातल्या प्रत्येक चौकोनात स्वच्छ पोचलेला:

“मोठ्यानं सांग गं! सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे!”